रुतलेले बिऱ्हाड

समुद्रकाठच्या भुसभुशीत वाळूतून, चारही चाकांना जोर असलेल्या मोटारीमागे आपले चालते घर जोडून मौजेने हिंडण्याचा शौक परदेशांत पुष्कळांना असतो. आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही आणि तो शौकही नाही. परंतु चाकांवरचे घर मऊ जमिनीतून ओढून नेण्याची विद्या मात्र येथे पोटाच्या निकडीने घरोघर पोहोचलेली आहे. दसरा-दिवाळी सरली की शिरूर, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून, मुकादमाची उचल घेऊन वर्षाचा करार आधीच अंगावर घेतलेली ऊसतोड्यांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या मुलखाकडे रवाना होतात, आणि त्या वेळी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडीकुंडी, कोपीचे म्हणजे झोपडीचे बांबू, ताडपत्री, शेळ्या आणि लेकरे अशी सारी गृहस्थी रचलेली असते. मुकादमाच्या वहीत माणसे मोजण्याचे परिमाण ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक.

पुढे हंगामभर हाच ट्रॅक्टर, बहुधा दोन ट्रॉल्या मागे घेऊन, फडातला ऊस कारखान्यावर नेतो. आणि खरी परीक्षा डांबरी रस्त्यावर होत नाही, फडापासून रस्त्यापर्यंतच्या शे-दोनशे पावलांत होते.

सामान्य समजूत अशी की गाडी रुतते ती इंजिनाची ताकद अपुरी पडल्यामुळे. वस्तुतः ताकद पुष्कळ असते. ती झेलण्याची ऐपत जमिनीत नसते. ट्रॅक्टरचे मागचे चाक जमिनीला मागे रेटते आणि त्या रेट्याच्या बळावर पुढे सरकते, तर ट्रॉलीचे चाक स्वतः काहीच रेटीत नाही. ते केवळ ओढले जाते, आणि मऊ जमिनीत खाली दबून आपल्याच पुढ्यात मातीचा लहानसा बांध उभा करते, जो त्याला क्षणोक्षणी चढावा लागतो. त्यात हवेचा हिशेब निराळा. टायर जमिनीवर साधारणपणे आपल्या आतल्या हवेइतकाच दाब टाकतो. ट्रॅक्टरच्या मागच्या अवाढव्य टायरात बारा-पंधरा पौंडांच्या आसपास हवा असते, तर उसाने लादलेल्या ट्रॉलीच्या लहान टायरात त्याच्या कितीतरी पट. म्हणून ट्रॅक्टर वरच्यावर राहतो आणि रुतते ती आधी ट्रॉली. वाळूत मोटार नेणारे जाणते लोक पस्तीस पौंडांची हवा सोळा-अठरावर आणतात ती याच कारणाने: टायर चपटा होतो, त्याचा ठसा लांबतो, आणि तेच ओझे अधिक जागेवर वाटले जाते. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1930 च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात फोर्ड मोटारी नेल्या त्या अशाच हवा उतरवून आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पत्रे सरकवून. पुढे वाळूच्या भौतिकशास्त्रावर त्याने 1941 मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. आमच्याकडे पोलादी पत्र्याचे काम उसाचे पाचट करते.

वाळू आणि काळी माती यांचे स्वभाव मात्र अगदी उलटे आहेत. गोदावरीच्या पात्रातली कोरडी वाळू पायाखालून निसटते आणि ओलसर वाळू घट्ट बसते. उलट आमची काळी जमीन वाळली म्हणजे दगड आणि भिजली म्हणजे वंगण. म्हणून गेवराई-माजलगावच्या नदीकाठी ट्रॅक्टर घालणारा ओलसर पट्टा शोधतो, आणि फडाचा मालक तोडीच्या आधी पाणी तोडतो. नदी आडवी आली म्हणजे लवाजम्याचे काय होते, हे गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनाने फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे: 10 ऑगस्ट 1763 रोजी निजामअली अर्ध्या फौजेनिशी गोदावरीपलीकडे गेला असता, पुराने अलीकडे अडकून पडलेल्या उरलेल्या फौजेवर माधवराव पेशव्यांनी घाला घातला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला.

माजलगावच्या बाजूला एका फडाच्या तोंडाशी सायंकाळी पाहिलेला प्रसंग मला आठवतो. मागची ट्रॉली आसापर्यंत खाली गेली होती, आणि विशीतला ड्रायव्हर रेस देण्याच्या बेतात होता, तोच मोळ्या वाहून थकलेली एक बाई म्हणाली, “भाऊ, उगं रेस देऊ नका, आधी माती काढू.” तिने आणि तिच्या नवऱ्याने कोयत्यानेच चाकापुढचा बांध खरडला, पाचट पसरले, ड्रायव्हरने मागची ट्रॉली सोडली, पुढची एकटी रस्त्यावर नेऊन ठेवली, परत येऊन दुसरी जोडली, हातभर मागे घेऊन आपल्याच दबलेल्या चाकोरीत आणली, आणि मग मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे लॉक टाकून, खालच्या गिअरात, जवळजवळ चालत्या माणसाच्या गतीने बाहेर काढली. ती न निघती, तर दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडावा लागला असता. मला विचाराल तर त्या बाईचे शास्त्र बॅग्नोल्डपेक्षा कमी नव्हते. फक्त तिने ग्रंथ लिहिला नाही.

रेस देणे ही पहिली चूक: चाक एकदा गरगर फिरू लागले की ते स्वतःचाच खड्डा खणते, आणि आस जमिनीवर टेकला की चाकांवरचे वजनच जाते. मग कितीही अश्वशक्ती व्यर्थ. दुसरी चूक याहून घातक. ओढणारी साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या आसापेक्षा वर बांधली म्हणजे ट्रॅक्टर तोंड उचलतो. ते दाबण्यासाठी पोरे बॉनेटवर बसवण्याची जी रीत पडली आहे ती सोडून द्यावी, कारण उलटणारा ट्रॅक्टर एका क्षणात मागे येतो. साखळी नेहमी खालच्या हुकालाच अडकवावी, आधी लहान मुलांना ट्रॉलीतून उतरवून दूर बसवावे, आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत, मदतीच्या सद्भावनेनेही, कोणी उभे राहू नये. तुटलेली कडी माणूस पाहून थांबत नाही.