पोटाखालची झोळी

खाऊच्या पुडीचा आवाज झाला की मांजर आतल्या खोलीतून धावत येतं आणि मागच्या पायांपुढे पोटाखाली काहीतरी लोंबतं, डावीकडून उजवीकडे झुलत येतं. पाहुणे म्हणतात, ‘खाऊन खाऊन सुटलंय!’ भाटी असेल तर शेजारच्या काकू पिल्लांचं भाकीतही करून टाकतात. बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं असतं.

ती झोळी म्हणजे सैल कातडी आणि तिच्यात थोडी चरबी. बोका असो वा भाटी, मांजर वयात येताना, साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास ती दिसू लागते. वाघ-सिंहांनाही ती असते, आणि त्यांना काही कोणी आयती वाटी भरून देत नाही. इजिप्शियन माऊ जातीत तर ती जातीचं लक्षणच मानतात. मांजरं भांडताना मागच्या पायांनी एकमेकांच्या पोटावर लाथा झाडतात, तेव्हा ही कातडी आतल्या अवयवांना ढाल होत असावी. झेप घेताना अंग ताणायला आणि एका दमात भरपूर खायलाही तिचा उपयोग होत असावा, असा प्राणितज्ज्ञांचा अंदाज आहे.

‘ऑपरेशन केलं आणि पोट लोंबायला लागलं’ ही तक्रार तर ठरलेलीच. नसबंदीही बऱ्याचदा याच वयात होते, म्हणून दोष तिच्या माथी येतो. नसबंदी न झालेल्या बोक्यालाही झोळी असतेच. मात्र या तक्रारीत एक खरा धागा आहे: नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते. वाटी तेवढीच भरत राहिली तर वजन चढणारच.

मग मांजर लठ्ठ आहे की नाही, हे ओळखायचं कसं? झोळीकडे न बघता. पशुवैद्य १ ते ९ अशा श्रेणीत शरीराची ठेवण मोजतात. ५ म्हणजे उत्तम. घरच्या घरी मांजराच्या फासळ्यांवरून हात फिरवावा आणि आपला हातच मापाला घ्यावा. मूठ आवळून तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा. फासळ्या अशा टोचत असतील तर मांजर हडकुळं आहे. आता हाताचा पंजा सरळ धरून त्याच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. फासळ्या तशा लागल्या तर वजन ठीक. तळव्यासारखी गादी लागली, वरून पाहताना कंबरही दिसेनाशी झाली, तर मात्र वाटीकडे बघायची वेळ आली.

आपल्या साध्या घरगुती मांजराचं वजन बहुधा साडेतीन ते पाच किलोंच्या दरम्यान असतं. चार किलोंच्या मांजराला एक किलो चढणं म्हणजे साठ किलोंच्या माणसाने पंच्याहत्तरवर जाणं. अशा मांजराची दिवसाची गरज जेमतेम दोनशे ते अडीचशे कॅलरींची, आणि म्हशीच्या १०० मिलीलीटर दुधात शंभरेक कॅलरी सहज असतात. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मांजराला दूध हवंच, हा समज आपण माणसांनीच लाडाने जपलेला आहे.

वजन उतरवायचं म्हणून उपास घडवणं मात्र धोक्याचं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरावं, तेही पशुवैद्याच्या सल्ल्याने.

झोळी मऊ असते, हातात सहज येते, चालताना झुलते. पोट अचानक फुगलं, घट्ट किंवा दुखरं लागलं तर ती झोळी नव्हे, दवाखाना गाठावा. पिल्लांचं ढेरकं पोट अनेकदा जंतांमुळे असतं. म्हाताऱ्या मांजराचं वजन आपोआप घटू लागलं तर त्याला ‘बारीक झालं, बरंच झालं’ म्हणू नये. मूत्रपिंडाचा किंवा थायरॉईडचा आजार अशीच सुरुवात करतो.

महिन्यातून एकदा मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.