चालू डेकचं गिऱ्हाईक

जुना कॅसेट डेक विकायला काढला की लोक आधी विचारतात, किती येतील? त्याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे. तो भंगार म्हणून विकायचा, शोभेची वस्तू म्हणून, की वाजणारा डेक म्हणून? या तिन्हींचे बाजार वेगळे आहेत, आणि मामांचा अकाई घेऊन मी तिन्हीकडे जाऊन आलो.

मामा ऐंशीच्या दशकात मस्कतला नोकरीला होते. रत्नागिरीकडच्या अनेक घरांत असे डेक आखाती देशांतूनच आले. आमच्याही डेकच्या पाठीमागे व्होल्टेज बदलायचा खटका आहे. तो 220वर आहे ना, हे पाहिल्याशिवाय प्लग लावायचा नाही. खास जपानच्या बाजारासाठी बनलेले डेक 100 व्होल्टचे असतात, आपल्या 230 व्होल्टवर थेट लावले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. पुढे अॅल्युमिनियमची पाटी, सुयांचे दोन मीटर आणि आत अकाईचं जीएक्स हेड. काच आणि फेराइटचं हे हेड फार सावकाश झिजतं, म्हणून अकाईचं नाव काढलं की जाणकार आधी बॅटरीच्या उजेडात हेड बघतो.

भंगारवाल्याने डेक काट्यावर ठेवला. तिथे बोलण्यासारखं काही नव्हतं.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या दुकानदाराने मात्र मनापासून पाहिला. पाटीवरची धूळ बोटाने पुसली, नॉब सगळे मूळचेच आहेत ना ते बघितलं, मीटरची काच तपासली. ‘‘शूटिंग में जाएगा,’’ म्हणाला. चालू आहे का, हे त्याने विचारलं नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला त्याची गरजच नसते. ज्याच्या डेकचं मेकॅनिझम कायमचं गेलं आहे, त्याने बिनदिक्कत इथेच यावं. रूपाचा भाव इथे नीट मिळतो.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर अंथरलेल्या मालात एक-दोन डेक हमखास दिसतात. पण तिथे प्लग लावायचा कुठे? गिऱ्हाईक डेक बंदच आहे असं धरून भाव करतं, आणि त्याचं चुकत नाही. जिथे ऐकवायची सोय नाही, तिथे चालू आणि बंद डेकला एकच किंमत येते. मोबाइलवर फोटो टाकून विकण्यातही हीच अडचण आहे. ‘वर्किंग’ लिहिलेल्या जाहिरातीचा अर्थ पुष्कळदा दिवा लागतो एवढाच असतो. शिवाय आत जड फ्लायव्हील असतं. कुरिअरच्या आदळआपटीत नीट चाललेला डेक पोहोचेपर्यंत बिघडू शकतो.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे, की चांगला डेक दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावरून विकावा. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडच्या आजूबाजूला टेप दुरुस्त करणारे अजून आहेत. मी ज्यांच्याकडे गेलो त्या काकांनी किमतीचं नावही न काढता आधी झाकणाचे स्क्रू काढले.

आत बेल्ट नव्हताच. म्हणजे होता, पण वितळून डांबर झाला होता. मोटरच्या पुलीवर, फ्लायव्हीलच्या कडेवर काळा चिकट थर. काकांनी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसायला घेतला. बराच वेळ कापूस काळाच निघत होता. ‘‘हा थर राहिला ना साहेब, तर नवा बेल्टही दोन महिन्यांत जातो,’’ ते म्हणाले. मग पिंच रोलर. टेप पुढे ओढणारं हे रबर कडक आणि चकचकीत झालं होतं. बारीक पॉलिश पेपरने त्याची चकाकी उतरवली. वाळलेलं ग्रीस खरवडून नवं लावलं. टेप सेकंदाला 4.76 सेंटीमीटर सरकली पाहिजे. 3,150 हर्ट्‌झचा स्वर भरलेली कॅसेट लावून, मीटरवर आकडा बघत त्यांनी मोटरचा स्क्रू केसभर फिरवला.

गिऱ्हाईक त्यांच्याच ओळखीतलं निघालं. दादरचे एक निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे खासगी मैफलींच्या कॅसेटी आहेत, त्या संगणकावर उतरवून ठेवायच्या आहेत. आजही नवे कॅसेट प्लेअर बनतात, पण बहुतेकांत साधं, स्वस्त मेकॅनिझम असतं आणि टेपची खरखर कमी करणारं डॉल्बी नसतं. डॉल्बी लावून भरलेली टेप तशीच वाजवली तर कर्कश लागते. असं काम हातात असलेला माणूस जुन्या डेकला मान देतो आणि दामही.

त्यांनी पिशवीतून आपली कॅसेट काढली. गाणं सुरू होण्याआधी नुसता तानपुरा चालू होता, तिथेच त्यांनी टेप लावली आणि डोळे मिटले. गाण्यात, ठेक्यात डेकचे दोष लपून जातात. तानपुऱ्याचा संथ, अखंड षड्ज जरा हलला तरी लगेच कळतं. स्वर स्थिर होता. मग त्यांनी टेप पुढे पळवली आणि बाजू संपत आली तिथे पुन्हा ऐकलं. एका बाजूचं रीळ भरलेलं आणि दुसरं रिकामं असताना टेपवरचा ताण बदलतो, दुबळं मेकॅनिझम तिथे डगमगतं. आवाज मात्र किंचित दबलेला होता. काकांनी हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवला, आणि तानपुऱ्याची जवार उघडली. टेप ज्या डेकवर भरली त्याचं हेड आणि वाजवणाऱ्याचं हेड एकाच कोनात नसलं की वरचे स्वर दबतात. नाकामिचीच्या 1982 सालच्या ड्रॅगन या डेकमध्ये हा कोन यंत्र स्वतःच जुळवून घेत असे. त्याला आजही चढा भाव येतो त्याचं हे एक मोठं कारण.

‘‘माझी प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली आहे. हा स्क्रू मला शिकवाल?’’ त्यांनी काकांना विचारलं. त्यांना बाजूला बसवून काकांनी तो दोनदा त्यांच्या हाताने फिरवून घेतला.

चोर बाजारात ठरलेल्या भावाच्या जवळपास तिप्पट पैसे मिळाले. त्यातून काकांची दुरुस्ती आणि त्यांचं कमिशन वजा झालं, तेही रास्त होतं. पुढे काही बिघडलं तर डेक त्यांच्याच टेबलावर यायचा आहे. घासाघीस फार झाली नाही. नव्या बेल्टचं माप मात्र त्या गृहस्थांनी काकांकडून कागदावर लिहून घेतलं आणि जादा दोन बेल्ट मागवायला सांगितले.