समुद्राला मिळालेलं गोदेचं पाणी
(लेखांक ९)

मागच्या लेखात वाऱ्याच्या रेट्यानं समुद्राचं पाणी आडवं कसं वाहतं ते पाहिलं. आज उभा छेद घेऊ. खाली खाली जावं तसं पाणी कसं बदलतं, आणि वरचं पाणी खालच्यात सहजासहजी मिसळत का नाही?

याचं निम्मं उत्तर अकोले तालुक्यातल्या भातवाल्यांच्या बादलीत आहे. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं आणि ढवळायचं. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. बाजरीला अरगट येऊ नये म्हणून मीठ दहा लिटरला थेट दोन किलो घेतात. पाणी इतकं जड होतं, की बुरशीच्या गाठी आणि हलकं बी सगळं तरंगतं. समुद्राच्या दहा लिटर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम क्षार असतात. म्हणजे भाताची ती बादली खारेपणात समुद्राच्या अगदी जवळ जाते.

मिठानं पाणी जड होतं आणि उष्णतेनं हलकं. उन्हाळ्यात विहिरीत सूर मारणाऱ्याला दुसरी गोष्ट सांगायला नको. वरचं पाणी कोमट आणि पुरुषभर खाली गेलं की अंगावर काटा. भंडारदऱ्याच्या किंवा मुळा धरणाच्या गोड्या पाण्यात थर पडतात ते मुख्यतः या तापमानामुळं. समुद्रात मात्र दोन्ही कारणं एकाच वेळी काम करतात, कधी एकमेकांच्या जोडीनं तर कधी एकमेकांविरुद्ध.

आकडे पाहिले तर मिठाचं वजन लक्षात येतं. आपल्याकडच्या उबदार समुद्रात तापमान एका अंशानं वाढलं, तर घनमीटरभर पाणी जेमतेम एक तृतीयांश किलोनं हलकं होतं. तेच किलोमागे एक ग्रॅम क्षार कमी झाले, तर पाऊण किलोनं. म्हणजे ग्रॅमभर मिठाचा फरक दोन-सव्वादोन अंशांच्या फरकाला पुरून उरतो.

एरवी उष्ण कटिबंधातल्या समुद्राची रचना सोपी असते. वरचे काही दशक मीटर वाऱ्यानं ढवळलेलं, एकसारखं ऊबदार पाणी. त्याखाली काहीशे मीटर झपाट्यानं उतरत जाणारं तापमान. आणि त्याखाली, अगदी विषुववृत्तावरसुद्धा, दोन-तीन अंशांचं थंडगार पाणी, जे ध्रुवाकडच्या समुद्रांत बुडून इथवर सरपटत आलेलं असतं.

आता आपल्या दोन समुद्रांकडे येऊ. एकाच अक्षांशावर, मध्ये फक्त भारत, तरी दोघांचा स्वभाव वेगळा. अरबी समुद्रावर पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त आणि मोठ्या नद्या कमी, म्हणून त्याचा खारेपणा किलोला ३६ ग्रॅमच्या आसपास. इराणच्या आखातातलं पाणी तर ४० ग्रॅमच्या घरात जातं. ते होर्मुझमधून बाहेर पडलं की गरम असूनही वर राहत नाही. दोनशे-तीनशे मीटर खाली उतरतं आणि आपल्या जोगत्या घनतेच्या थरात शिरून पसरतं. बंगालच्या उपसागरात उलट: गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या तिथंच रित्या होतात, वर पाऊसही दणकून. पावसाळ्याच्या शेवटी उपसागराच्या उत्तर भागात पृष्ठभागाचा खारेपणा ३० ग्रॅमपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही खाली येतो.

या सौम्य पाण्याचा थर पातळ असतो, पण चिवट. वाऱ्याला समुद्र ढवळायचा म्हणजे खालचं जड पाणी उचलून वर आणायचं. उपसागरात त्याची ताकद वरच्या वीस-तीस मीटरांतच खर्ची पडते. शिवाय त्या थराच्या लगेच खाली जे पाणी असतं ते जास्त खारं, पण जवळपास तेवढंच ऊबदार. म्हणून वादळानं थोडं खोल ढवळलं तरी वर येतं ते गरमच पाणी. हिवाळ्यात तर गंमत होते: उत्तरेला वरचं पाणी गारठतं, तरी कमी खारं असल्यानं बुडत नाही, आणि गार पाण्याखाली कोमट पाणी असा उलटा मामला महिनोन् महिने टिकतो.

१९६६ साली सुरू झालेल्या आणि आता गोव्यात दोनापावला इथं असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा हिशेब मांडला. ढगांची मोठी रास उभी राहायला पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांवर लागतं. पावसाळ्यात जोरदार वाऱ्यांमुळं अरबी समुद्र त्याखाली उतरतो. उपसागर उतरत नाही. तिथं वारा तुलनेनं मंद, आणि गोडसर थर ढवळू देत नाही. म्हणूनच पावसाळाभर कमी दाबाचे पट्टे तिथं एकामागून एक तयार होतात. जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या शेतकऱ्याला आभाळात हस्ताचा पाऊस दिसतो, ज्यावर त्याची रब्बीची ज्वारी उभी राहते. त्या पावसामागं पुष्कळदा हाच उपसागर असतो.

उपसागराच्या या गोडसर थरात आपली प्रवरा नदीही येते. ती रतनगडावर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. पण घाटमाथ्यानं पाठ फिरवलेली, म्हणून पाणी प्रवरासंगमला गोदेत शिरतं आणि हजाराहून जास्त किलोमीटर पूर्वेला जातं. आपल्या जिल्ह्यात 'समुद्रात वाया जाणारं पाणी' हे शब्द प्रत्येक सभेत ऐकू येतात. मला त्यातला 'वाया' पटत नाही. धरणं नकोत असं मी म्हणत नाही, आणि गंगा-ब्रह्मपुत्रेपुढं गोदावरी धाकटी हेही खरं. निळवंडे, मुळा, जायकवाडी भरून उरलेलं पाणीच पुढं जातं. पण जे पोचतं ते उपसागराच्या वरच्या थरात बसतं. हिवाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळला की उपसागरातलं हे कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपच्या समुद्रात येतं. एप्रिल-मेमध्ये तिथलं पृष्ठभागाचं पाणी ३० अंशांवर तापतं. केरळच्या दारात, मान्सून यायच्या तोंडावर. या तापण्यात सौम्य थराचा वाटा किती आणि मंद वाऱ्याचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

थर टिकण्याची दुसरी बाजूही आहे. वरचं पाणी खाली जात नाही, तसा वरचा प्राणवायूही जात नाही. अरबी समुद्रात दीडशे-दोनशे मीटरखाली तो जवळजवळ संपतो, आणि कधीकधी ते गुदमरलेलं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात चढून येतं. मासेमारांना त्याचा काय ताप होतो, ते पुढच्या आठवड्यात.