प्रोग्रामला मिळालेली शिदोरी

प्रतापराव गुजरांच्या स्मारकामुळे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं नेसरी गडहिंग्लज तालुक्यात आहे. या गावाचं नाव लिनक्सच्या संगणकावर ‘डब्ल्यूसी’ या मोजणी करणाऱ्या प्रोग्रामला दिलं आणि यात अक्षरं किती असं विचारलं, तर एका खिडकीत उत्तर येतं ५ आणि शेजारच्या खिडकीत १५. नाव तेच, प्रोग्राम तोच, संगणकही तोच. फरक इतकाच, की पहिल्या खिडकीत ‘एलसी_ऑल’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलपुढे मराठीचं युटीएफ-८ लोकेल, म्हणजे भाषा-लिपीच्या नियमांचा संच, लिहिलंय आणि दुसरीत नुसतं ‘सी’. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. न, त्यावरची मात्रा, स, र आणि दीर्घ वेलांटी असे घटक पाच, म्हणून बाइट पंधरा. ‘सी’ लोकेलमध्ये प्रोग्रामला बाइटापलीकडचं काही दिसतच नाही. आपण माणसं ने, स, री अशी तीनच अक्षरं मोजतो, ही आणखी वेगळी गोष्ट.

दोन्ही वेळा प्रोग्राम चुकलेला नाही. त्याला जे सांगून धाडलं, त्याप्रमाणे त्याने मोजलं. पण तपासणी करणाऱ्याने आपल्या वहीत ‘उत्तर ५ यायला हवं’ एवढंच लिहिलं असेल आणि कोणत्या लोकेलमध्ये ते लिहिलं नसेल, तर त्याने प्रोग्राम तपासलेला नाही, स्वतःचा संगणक तपासला आहे. गेल्या चार दशकांत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांनी जे जे घोटाळे केले, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हीच गोष्ट सापडते.

हे व्हेरिएबल आले १९७९ साली, बेल लॅब्जमधल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले, आणि ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘पाथ’ लिहिण्याची सवय भारतातल्या एका अख्ख्या पिढीला लागली. रचना अगदी साधी आहे. डावीकडे नाव, मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मजकूर, अशा ओळींची एक यादी. एखादा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला सुरू करतो तेव्हा ही यादी शिदोरीसारखी त्याच्याबरोबर बांधून देतो. तारखा कोणत्या वेळेप्रमाणे दाखवायच्या, कोणत्या भाषेत बोलायचं, इतर प्रोग्राम कुठे शोधायचे, हे सगळं तिच्यात असतं. आकडा नाही, होय-नाही नाही. जे काही आहे ते मजकूरच.

बांधून दिलेली यादी ही नक्कल असते. सुरू झालेल्या प्रोग्रामने, म्हणजे चाइल्ड प्रोसेसने, तिच्यात कितीही बदल केले तरी सुरू करणाऱ्या पॅरेंटला त्याचा पत्ता लागत नाही. नवशिके इथे हमखास अडखळतात. शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल लिहितात, स्क्रिप्ट चालवतात, आणि ती संपल्यावर टर्मिनलवर बघतात तर काहीच नाही. उलट बाजूनेही अडतं. शेलमध्ये नाव लिहिलं पण ‘एक्स्पोर्ट’ केलं नाही, तर ते शेलपुरतंच राहतं, पुढच्या प्रोग्रामला मिळत नाही. म्हणून लिहिण्याची तपासणी करायची तर त्याच प्रोग्रामकडून वाचून घेणं पुरेसं नाही. एक चाइल्ड प्रोसेस सुरू करावी, तिला आपली यादी छापायला लावावी आणि ती ताडून पाहावी. काही भाषांत ‘लिहिलेलं’ आणि ‘पुढे गेलेलं’ यांत खरंच अंतर पडतं. पायथॉनमध्ये ‘ओएस.पुटएन्व्ह’ थेट बोलावलं तर चाइल्डला नवी किंमत मिळते, पण ‘ओएस.एन्व्हायरन’ या कोशात जुनीच दिसत राहते. सी भाषेतलं ‘पुटएन्व्ह’ तर मजकूर उचलून ठेवतच नाही, फक्त त्याचा पत्ता ठेवतं. फंक्शन संपलं, मजकुराची जागा दुसऱ्या कामाला गेली, की व्हेरिएबलमध्ये कचरा. ‘सेटएन्व्ह’ नक्कल करून घेतं, म्हणून नव्या कामात तेच वापरावं.

त्यापेक्षा अवघड दुखणं समांतर चालणाऱ्या टेस्टचं आहे. यादी संपूर्ण प्रोसेसची एकच असते. एक टेस्ट टाइमझोन बदलत असताना दुसरी तारीख छापत असेल, तर कधी पास, कधी फेल, आणि दोष कुणाचा ते शोधता शोधता दिवस जातो. सी लायब्ररीत तर एका थ्रेडने लिहिताना दुसऱ्याने वाचलं की प्रोग्राम कोसळूही शकतो. भाषांनी यावर वेगवेगळे उपाय काढले. जावाने चालू प्रोग्रामला स्वतःची यादी बदलण्याची सोयच दिली नाही. गो भाषेने २०२१ मध्ये १.१७ आवृत्तीत टेस्टसाठी खास ‘सेटएन्व्ह’ दिलं. टेस्ट संपली की ते जुनी किंमत परत बसवतं आणि समांतर टेस्टमध्ये वापरलं तर तिथल्या तिथे थांबवतं. रस्टने २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या आपल्या ‘२०२४ एडिशन’मध्ये व्हेरिएबल लिहिण्याच्या फंक्शनवर ‘अनसेफ’ असा शिक्काच मारला. जुना कोड त्यामुळे थोडा अडतो हे खरं, पण मला हा निर्णय योग्य वाटतो. धोका आहे तिथे पाटी असलीच पाहिजे.

वाचण्याच्या बाजूला चुका छोट्या आणि जास्त चिवट असतात. व्हेरिएबल नसणं वेगळं आणि असून रिकामं असणं वेगळं. युनिक्समध्ये हा भेद पाळला जातो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘सेट’ने रिकामी किंमत दिली की व्हेरिएबलच नाहीसं होतं. दोन्हीकडे चालणाऱ्या प्रोग्रामला म्हणून तीन टेस्ट लागतात : नसलेलं, रिकामं, भरलेलं. ‘फॉल्स’ असं लिहिलेलं व्हेरिएबल अनेक प्रोग्राम ‘होय’ समजून चालतात, कारण त्यांच्या लेखी तो नुसता रिकामा नसलेला मजकूर असतो. नोडमध्ये तर किंमत ‘अनडिफाइन्ड’ ठेवली की त्या शब्दाचीच अक्षरं व्हेरिएबलमध्ये जाऊन बसतात. आणि माझ्या हातून चालतं पण रात्री ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून चालत नाही, ही तक्रार ज्याने ऐकली नाही असा सिस्टिम अॅडमिन भेटणं कठीण. क्रॉन आपल्या प्रोग्रामला अगदी तुटपुंजी यादी देतं, आपण टर्मिनलमध्ये वर्षानुवर्षं जमवलेला ‘पाथ’ तिच्यात नसतो. ‘एन्व्ह’ कमांडला ‘-आय’ जोडली की पूर्ण कोरी यादी घेऊन प्रोग्राम सुरू होतो. प्रत्येक टेस्ट एकदा तरी अशी चालवावी.

वेळेचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात कुणालाही पटेल. समजा, डेअरीला पहाटे सव्वापाचला दूध घातलं. पावती देणारा प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवर आहे आणि तिथे ‘टीझेड’ व्हेरिएबल ठेवलेलं नाही. सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. तिथे अजून आदल्या दिवसाचे रात्रीचे पावणेबारा वाजलेत. पावतीवर कालची तारीख पडते. दुपारी टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, कारण पहाटे साडेपाचनंतर दोन्हीकडची तारीख एकच होते. टेस्टमध्ये मुद्दाम सव्वापाचची वेळ घालावी लागते. आणखी एक खोच आहे. भारताच्या टाइमझोनचं नाव ‘एशिया/कोलकाता’. कुणी हौसेने ‘एशिया/कोल्हापूर’ लिहिलं तर लिनक्स तक्रार करत नाही. गुपचूप यूटीसीची वेळ दाखवतं आणि तिच्यापुढे ‘एशिया’ असं लिहितं. चुकीची किंमत दिल्यावर प्रोग्राम काय करतो, याची टेस्ट बरोबर किमतीच्या टेस्टइतकीच महत्त्वाची आहे, ती यासाठी.

बाहेरून येणारी यादी म्हणजे बाहेरून येणारा मजकूर, हे जगाला २४ सप्टेंबर २०१४ रोजी कळलं. स्तेफान शाझेला यांना सापडलेला ‘शेलशॉक’ हा दोष त्या दिवशी जाहीर झाला. बॅश शेल व्हेरिएबलमधून फंक्शन वाचायचं, आणि फंक्शन संपल्यावरही पुढचा मजकूर कमांड समजून चालवायचं. हा दोष १९८९ पासून आत होता. वेब सर्व्हर पाहुण्याने पाठवलेली माहिती व्हेरिएबलमध्येच घालून प्रोग्रामला देत असल्यामुळे कुणीही दुरून कमांड चालवू शकत होतं. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या दोषाने तीच वाट पुन्हा दाखवली. आणि २०११ साली हेरोकूच्या अॅडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ मांडणीत सगळी कॉन्फिगरेशन व्हेरिएबलांत ठेवा असं सांगितल्यापासून पासवर्डही त्याच यादीत राहू लागले. चूक झाल्यावर लॉगमध्ये अख्खी यादी छापणारा प्रोग्राम म्हणून धोक्याचा. तो तसं करत नाही ना, हेही तपासलं पाहिजे.

२००९ मध्ये टॉड मिट्कोविच आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट मला या सगळ्यांत सर्वांत विलक्षण वाटते. प्रोग्राम वाचतही नाही असं एखादं व्हेरिएबल लांब केलं, तरी प्रोग्रामचा वेग बदलतो. यादी मेमरीत स्टॅकच्या वरच्या टोकाला बसते. ती लांबली की स्टॅक खाली सरकतो, डेटाची मांडणी बदलते. म्हणजे वापरकर्त्याचं नाव लांब की आखूड, यावरही वेगाची मोजणी हलू शकते.

मराठीसाठी या तपासण्यांची निकड फार आहे. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं, १९९१ मध्ये इस्की हे मानक ठरलं, मग युनिकोड आलं, आणि अक्षरं साठवण्याचा प्रश्न बहुतेक सुटला. पण त्या अक्षरांशी कसं वागायचं हे प्रोग्राम अजून लोकेलवरूनच ठरवतो. संगणकावर मराठी लोकेल बसवलेलं नसेल, तर ‘लँग’ या व्हेरिएबलमध्ये मराठी लिहूनही बरेच प्रोग्राम काही न बोलता ‘सी’कडे वळतात. कंटेनरच्या आटोपशीर इमेजमध्ये बहुधा हेच होतं. पायथॉनने २०१८ च्या ३.७ आवृत्तीत ‘सी’ लोकेल दिसलं तर आपणहून युटीएफ-८ कडे वळायची सोय केली, त्याआधी देवनागरी छापताना प्रोग्राम कोसळायचा.

क्रमवारीचा प्रश्न मात्र कुणी आपणहून सोडवत नाही. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा ल नंतर लगेच. त्यामुळे ‘सी’ लोकेलमध्ये लावलेल्या यादीत काळे आधी आणि कासार नंतर. मराठी शब्दकोशाप्रमाणे कासार आधी, काळे नंतर. नेसरीच्या परिसरात हे जास्तच जाणवावं. इथून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर, चंदगडच्या पलीकडे गोवा. मराठी, कन्नड आणि कोंकणी या तिन्ही भाषांची स्वतंत्र लोकेल लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीत आहेत. या भागातल्या पतसंस्थेसाठी किंवा ग्रंथालयासाठी कुणी प्रोग्राम लिहीत असेल, तर त्याने सभासदांची तीच यादी पाचदा लावून पाहावी : तिन्ही भाषांच्या लोकेलमध्ये एकेकदा, ‘सी’मध्ये एकदा, आणि एकदा ‘एलसी_ऑल’ व ‘लँग’ दोन्ही काढून टाकून. प्रत्येक वेळी काळे आणि कासार कुठे पडायला हवेत, ते टेस्टमध्ये आधीच लिहून ठेवावं.