मुष्टिफंडाचा जमाखर्च

भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले, तेव्हा त्यांच्यापुढे खरा बिकट प्रश्न होता तो मुलांच्या दोन वेळच्या भाकरीचा. कारण ज्या रयतेची ही मुले, तिच्या घरी रोकड दिसे ती सुगीच्या दिवसांत, आणि तीही बहुधा सरकारसारा व सावकाराचे व्याज यांतच खर्ची पडे. धान्य मात्र थोडेबहुत असे. म्हणून मुष्टिफंडाची तजवीज निघाली: गृहिणीने घरच्या धान्यातून मूठभर बाजूस काढावे, आणि ते यथावकाश वसतिगृहाच्या कोठारात जमा व्हावे.

या योजनेतील व्यवहारज्ञान वाखाणण्याजोगे आहे. मूठभर जोंधळ्याने कोणाचा संसार उघडा पडत नाही. शिवाय जिच्या हाती पैशाचा अधिकार क्वचितच असे, ती घरधनीणही कोणाची अनुज्ञा न मागता दात्री होऊ शकते, आणि दिलेले धान्य बाजारात न जाता, अडत्याची कसर न सोसता, थेट मुलांच्या ताटात पडते. त्यास मुलांच्या श्रमाची जोड मिळाली. शेतात राबून, स्वयंपाकापासून बांधकामापर्यंतची कामे अंगावर घेऊन शिकण्याची ‘कमवा आणि शिका’ ही पद्धती त्यातूनच रूढ झाली.

तथापि मुठीने सर्व भागते, असे समजणे भाबडेपणाचे होय. वसतिगृहात अन्नाचा खडखडाट झाला असता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडावे लागले; आणि पुढे संस्थेची विद्यालये वाढली, तेव्हा शिक्षकांच्या वेतनास रोख रक्कम व सरकारी अनुदान लागलेच.

आज गावात अभ्यासिका, वाचनालय वा वृद्धांसाठी भोजनाची सोय करू इच्छिणाऱ्यांनी देणगीदारांच्या नावांची यादी करण्यापूर्वी गावातील वस्तूंची यादी करावी: सायंकाळी रिकामी असणारी शाळेची खोली, निवृत्त गुरुजींचा फावला वेळ, परसातील भाजी, सुगीनंतरचे धान्य. रोकड केवळ अपरिहार्य बाबींसाठी राखावी, आणि जमलेल्या प्रत्येक शेराचा व खर्चलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.