विहिरीची नोंद कोण ठेवणार?

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि भर उन्हात कुदळ-घमेली घेऊन शिवारात उतरणं हा गावोगावचा उत्सव झाला. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतूनही जलमित्र आले. त्या घामाचं मोल मोठंच आहे. पण किती पाणी मुरलं आणि विहिरीत आलं ते पिण्याजोगं आहे का, हे पाहायला वर्षभराचा धीर लागतो. म्हणून हे काम शाळेनं हाती घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असं नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक साधी चाचणी जगापुढे ठेवली. तीच आपली एच-टू-एस बाटली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली उबदार जागी ठेवायची. पाण्यात मैला मिसळला असेल तर त्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पाणी काळं पडतं. बहुधा दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत निकाल समोर असतो. काचेसारखं नितळ दिसणारं पाणी काळंकुट्ट झालेलं पाहिलेल्या मुलीला हात धुण्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. काळ्या बाटलीत जंतू वाढलेले असतात, त्यामुळे ती शिक्षकांनीच ब्लीचिंग पावडर घालून नष्ट करावी. क्लोरीन तपासण्याचं ओटीचं द्रावणही मुलांच्या हाती देऊ नये. ते घातक आहे.

नायट्रेटची गोष्ट वेगळी. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. खत, गोठा, शोषखड्डा यांपैकी विहिरीजवळ काय आहे, याचा नकाशा मुलंच उत्तम काढतील. नायट्रेट तपासणीच्या किटवरचा रंग हा इशारा समजावा. पक्का निकाल प्रयोगशाळेचाच.

पातळी मोजायला तर टेप पुरतो. तीच विहीर, काठावरची तीच खूण, मोटर सुरू होण्याआधीची सकाळ. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हे गणित फळ्यावर मांडलं की पर्जन्यमापकातल्या आकड्याला वजन येतं. हिवरे बाजारात अशाच आकड्यांवर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली जातात.

मात्र बाटली काळी पडल्याची बातमी वर्गातच राहिली, तर मुलांची मेहनत वाया गेली. ती त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकारी आणि जलसुरक्षक यांच्यापर्यंत पोचली पाहिजे आणि नोंदवही ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. या दिवाळीत गावी जाल तेव्हा आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते विचारा, आणि शाळेला एक पर्जन्यमापक व एक टेप घेऊन द्या.