कमी मार्कांचा अर्ज



निकालाचे दिवस आले की ऊसनोंदीच्या गप्पा मागे पडतात आणि बांधावर एकच विषय निघतो. ज्या घरात त्या वर्षी बाप गेला, आई अंथरुणाला खिळली किंवा विहीर आटली, त्या घरचं पोरगं पन्नास टक्क्यांच्या आसपास अडकतं. आपण बोलून मोकळे होतो, "एवढ्या मार्कांवर मोठ्या ठिकाणी कोण घेणार? लाव त्याला बारे द्यायला."

अशा वेळी मला धुळ्याजवळचं लळिंग आठवतं. ३१ जुलै १९३७ रोजी कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर तिथल्या बंगल्यात उतरले होते. त्या तारखेला आजही तिथे लोक जमतात. या बॅरिस्टरांना मॅट्रिकला मार्क किती होते? १९०७ साली, ७५० पैकी २८२. शेकडा अडतीससुद्धा नाहीत!

परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार. वडील रात्री दोनला उठवायचे, मग दिव्यापुढे अभ्यास. संस्कृत घ्यायचं होतं, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं. फारसी घ्यावी लागली. (आपल्या पोरांची अडचण आणि ही अडचण एका तागडीत घालू नये, हेही सांगून ठेवतो.) पण मार्कांपलीकडचा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिला होता. त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बी.ए. झालं. २ फेब्रुवारी १९१३ ला वडील वारले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत हा मुलगा बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. १९१५ ला एम.ए.

लंडनचा प्रवेशही असाच. कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी तिथल्या प्रा. फॉक्सवेल यांना शिफारशीचं पत्र दिलं होतं. १९१६ ला नाव दाखल झालं, पण १९१७ ला शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने उसने दिले, आणि १९२० ला पुन्हा लंडन. १९२३ ला डी.एससी. मधल्या खंडात, १९१८ साली, त्यांनी शेतजमिनीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. आपल्यासारख्या दोन-तीन एकरवाल्यांनी तो वाचण्यासारखा आहे.

आता आपलं. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या यादीत सीईटी, नीटचे मार्क बोलतात. घरची हकीगत तिथे चालत नाही, उगाच दलालाला पैसे देऊ नका. परंतु जिथे मुलाखत होते, अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून मागतात, गुरुजींची पत्रं मागतात, तिथे हकीगतीला जागा असते. परदेशी विद्यापीठांत तर बहुधा असतेच. रडगाणं मात्र नको. काय घडलं ते चार ओळींत, आणि त्यानंतर मुलाने काय केलं ते जास्त. पत्र गावातल्या पुढाऱ्याचं नको. ज्या मास्तरांनी मुलाला वर्गात पाहिलंय, त्यांचं घ्या.

आणि अर्ज लिहिताना घरातल्या मोठ्या माणसाने जवळ बसावं. विहीर कोणत्या साली आटली, आई किती महिने दवाखान्यात होती, आणि त्या दिवसांत हे पोरगं पहाटे बारे देऊन शाळेत कसं जायचं, हे त्यालाच नीट सांगता येईल.